तेजस्वी ताऱ्यासमोरून जाणाऱ्या महाकाय ग्रहाचे अधिक्रमण कसे नोंदवावे

एचडी १८९७३३ हा जंबुक तारकासमूहातील ७.७ प्रतीचा नारिंगी तारा आहे (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद). गुरूपेक्षा किंचित मोठा एक ग्रह दर २.२१८५७ दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि त्या वेळी ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्क्यांनी घटतो. इतक्या तेजस्वी ताऱ्यापुढे एवढी ठळक घट क्वचितच मिळते, म्हणून बाह्यग्रहांचे अधिक्रमण पहिल्यांदा टिपू पाहणारे बहुतेक हौशी निरीक्षक याच ताऱ्याकडे वळतात आणि त्यांतले अनेक जण इथेच फसतात. प्रकाश कमी पडत नाही, उलट तो जास्त होतो: तारा सॅच्युरेट होतो, म्हणजे कॅमेऱ्याचे पिक्सेल कमाल मर्यादेपर्यंत भरतात, ज्याच्याशी त्याचा प्रकाश ताडून पाहायचा असा त्याच्या तोडीचा तुलना तारा चौकटीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रात, सापडत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून एक्स्पोजर छोटे केले की वातावरणामुळे होणारी लुकलुक मूळ घटीइतकी मोठी होऊन बसते. रात्रभरात दोन टक्क्यांनी बदलणारी कोणतीही गोष्ट, मग ती दव असो, धूळ असो की ढगाची पातळ झिलई, प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, ग्रहासारखी दिसू शकते. पुढील सर्व पायऱ्यांचा रोख याच एका अडचणीवर आहे.

पायरी १: रात्र निवडा

अधिक्रमण १ तास ४८ मिनिटे चालते. त्याच्या आधी आणि नंतर किमान ४५ मिनिटे, शक्यतो एकेक तास, ताऱ्याचा नेहमीचा प्रकाश नोंदवावा लागतो, कारण घट किती झाली हे त्या सपाट भागावरूनच ठरते. म्हणजे तारा क्षितिजापासून ३० अंशांहून वर असेल असे सव्वातीन ते पावणेचार तास सलग हवेत.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो. पुण्याहून तो खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, चारच अंश उत्तरेकडे असतो. अडचण वेळापत्रकाची आहे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तो रात्रभर दिसण्याजोगा असतो तेव्हा नेमका पावसाळा असतो. त्यामुळे दोनच खिडक्या उरतात. पहिली मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत, मध्यरात्री पाऊण वाजल्यापासून पहाटेपर्यंत. दुसरी पाऊस परतल्यावर ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरच्या मध्यास पुण्याहून तो संध्याकाळी सातच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असतो आणि रात्री सव्वाअकराला ३० अंशांवर उतरतो. पूर्ण अंधार साधारण सात वाजून वीस मिनिटांनी होतो, तेव्हा हाताशी चार तासही धड उरत नाहीत आणि अधिक्रमणाचा मध्य सव्वानऊच्या आगेमागे असेल तरच ती रात्र उपयोगाची. नोव्हेंबरमध्ये आकाश अधिक स्वच्छ असले तरी या ताऱ्यासाठी उशीर झालेला असतो.

एखादी रात्र ढगांनी घालवली तर पुढची तशीच रात्र शोधण्याचा सोपा हिशोब आहे. या ग्रहाच्या नऊ प्रदक्षिणांना २० दिवसांना ४७ मिनिटे कमी इतका काळ लागतो, म्हणून विसाव्या दिवशी अधिक्रमण जवळपास त्याच प्रहरी, पाऊण तास लवकर होते.

ज्यांना एवढी ओढाताण नको, त्यांनी पेगाससमधील एचडी २०९४५८ घ्यावा. तोही ७.७ प्रतीचाच आहे. घट दीड टक्क्याहून थोडीच अधिक असते आणि अधिक्रमण तीन तासांवर चालते, परंतु ऑक्टोबरच्या मध्यास तो रात्री नऊला याम्योत्तर वृत्त ओलांडतो, त्यामुळे सलग सहा तास मिळतात.

सावधान: अधिक्रमणांची भाकिते यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेली असतात. १४:३० यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. पण १८:४५ यूटीसी म्हणजे मध्यरात्र उलटून सव्वाबारा, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. तारखेची ही चूक फार सर्रास होते आणि ती लक्षात येते तेव्हा अधिक्रमण चोवीस तासांपूर्वी होऊन गेलेले असते.

तपासणी: पहिली चौकट, अधिक्रमणाचा आरंभ, मध्य, अंत आणि शेवटची चौकट या पाचही वेळा भारतीय प्रमाणवेळेत कागदावर लिहून त्यांसमोर ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची लिहावी. एक जरी उंची ३० अंशांखाली असेल तर रात्र बदलावी.

पायरी २: दुर्बीण तुलना ताऱ्यांवरून ठरवा

येथे बहुतेकांचा कल घरातली सर्वांत मोठी दुर्बीण काढण्याकडे असतो. दोन मीटर नाभीय अंतराच्या २० सेंमी. दुर्बिणीला ग्रहांच्या छायाचित्रणाचा छोटा कॅमेरा, म्हणजे साधारण ५.६ मिमी. रुंदीचा सेन्सर, लावला तर आकाशाचा दहा कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद नसलेला तुकडा दिसतो आणि त्यात ७.७ प्रतीच्या ताऱ्याशी तुलना करण्याजोगा दुसरा तारा असण्याची शक्यता नगण्य. याउलट ४८० मिमी. नाभीय अंतराच्या ८० मिमी. अपवर्तक दुर्बिणीला एक इंची वर्गातला, १३.२ गुणिले ८.८ मिमी.चा सेन्सर लावला की दीड अंश रुंद आणि एक अंश उंच क्षेत्र मिळते. या कामासाठी मी निःसंकोचपणे ही दुसरी जोडणी सुचवेन. एचडी २०९४५८ चे अधिक्रमण १९९९ मध्ये जवळपास १० सेंमी.च्याच दुर्बिणीने नोंदवले गेले होते, तेव्हा आकार ही सबब होऊ शकत नाही.

तुलना तारे घरबसल्या, नकाशावर आधीच निवडावेत. त्यांची प्रत लक्ष्य ताऱ्याच्या एका प्रतीच्या आत, फार तर दीड प्रतीने मंद असावी. ते ज्ञात चलतारे नसावेत. आणि रंग शक्य तितका जवळचा असावा. एचडी १८९७३३ नारिंगी आहे. निळसर तारा तुलनेला घेतला तर तारे खाली उतरत जातात तसा वातावरणात निळ्याचा प्रकाश अधिक गळतो, आणि दोघांच्या गुणोत्तरात एक संथ उतार तयार होतो. लाल, म्हणजे आर फिल्टर वापरल्यास हा परिणाम बराच कमी होतो, म्हणून फिल्टरविना निरीक्षण करू नये.

हा तारा डंबेल तेजोमेघाच्या, म्हणजे एम २७ च्या, पूर्वेला अवघ्या पाव अंशावर आहे. शोधायला त्यामुळे फार सोपे जाते. मात्र तेजोमेघात किंवा त्याच्या काठावर असलेला तारा तुलनेसाठी घेऊ नये, कारण त्याच्या भोवतीची पार्श्वभूमी सपाट नसते.

पायरी ३: फोकस बिघडवा, एक्स्पोजर वाढवा

संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी असून नेमकी तीच वगळली जाते. सुंदर, टोकदार ताऱ्यांची सवय झालेल्या छायाचित्रकाराला फोकस मुद्दाम बिघडवणे जिवावर येते. परंतु टोकदार प्रतिमेत सगळा प्रकाश चारपाच पिक्सेलांत एकवटतो, ते पिक्सेल एकदोन सेकंदांतच भरतात, आणि माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या, किंचित हालचालीनेही तारा कमी-अधिक संवेदनशील पिक्सेलांवर सरकून मोजमाप डळमळते.

लुकलुकीचा हिशोब तर अधिकच बोलका आहे. लुकलुकीचा अंदाज देणाऱ्या यंगच्या नेहमीच्या सूत्रानुसार ८० मिमी.च्या दुर्बिणीतून डोक्यावरील ताऱ्याच्या एक सेकंदाच्या चौकटीत लुकलुकीमुळे सुमारे दीड टक्का चढउतार होतो, तर तीस सेकंदांच्या चौकटीत तो पाव टक्क्याच्या आसपास येतो. ताऱ्याची उंची ३० अंश असेल तेव्हा तोच पाव टक्का वाढून जवळजवळ एक टक्का होतो. आपल्याला मोजायची घट २.४ टक्के आहे हे लक्षात घेतले म्हणजे छोट्या एक्स्पोजरने आणि खाली उतरलेल्या ताऱ्याने काय गमावतो हे कळते. अनेक छोट्या चौकटींची सरासरी घेऊनही हेच साधते, पण दोन चौकटींच्या मधला, चित्र साठवण्यात जाणारा वेळ वाया जातो.

म्हणून फोकस इतका बिघडवावा की ताऱ्याची चकती १५ ते २० पिक्सेल रुंद दिसेल, आणि मग २० ते ४० सेकंदांचे एक्स्पोजर अशा बेताने ठरवावे की सर्वांत तेजस्वी पिक्सेल कमाल मूल्याच्या निम्म्याच्या आसपास राहील. ६५,५३५ कमाल मूल्य असलेल्या चौकटीत ३० ते ३५ हजार हे सुरक्षित लक्ष्य होय. ऑक्टोबरमध्ये तारा आरंभी सर्वांत उंच असतो, म्हणजे पुढे तो मंदच होणार. मे महिन्यात तो चढत जातो आणि उजळत जातो, तेव्हा आरंभी २५ हजारांच्या वर जाऊ नये. ताऱ्यापासून ११ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) त्याचा लाल बटू सोबती आहे आणि तो या चकतीत मिसळून जाईल, परंतु तो इतका मंद आहे की या कामात त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

सावधान: रात्री तापमान उतरते तशी नळी आकसते आणि बिघडवलेला फोकस आपोआप सुधारू लागतो. चकती लहान झाली की शिखर मूल्य वाढते आणि तासाभराने तारा नकळत सॅच्युरेट होतो. प्रकाशवक्रात याचे रूप घटीसारखेच दिसते, कारण सॅच्युरेट झालेला तारा मोजमापात मंद ठरतो. दर पंधरा मिनिटांनी शिखर मूल्य पाहावे, आणि बदल करायचाच झाला तर एक्स्पोजरमध्ये करावा, फोकसला हात लावू नये.

तपासणी: अधिक्रमणाच्या किमान एक रात्र आधी अर्धा तास हाच तारा याच मांडणीने नोंदवून वक्र काढावा. ती अधिक्रमणाची रात्र नसल्याने वक्र सपाट यायला हवा. बिंदूंचे विखुरलेपण अर्ध्या टक्क्याहून अधिक असेल तर कारण सापडल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पायरी ४: त्या रात्रीचा क्रम

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा आणि तो बदलू नये.

१. सूर्यास्ताआधी मांडणी पूर्ण करावी. कॅमेरा फिरवून त्याची दिशा ठरवावी, ठरलेल्या खुणेवर फोकस बिघडवावा आणि दोन्ही स्क्रू आवळावेत. यानंतर उजाडेपर्यंत किंवा काम संपेपर्यंत कॅमेरा फिरवायचा नाही.

२. संधिप्रकाशात किमान ३० फ्लॅट चौकटी, म्हणजे एकसारख्या उजळ आकाशाची चित्रे, घ्याव्यात. धुळीच्या कणांची कडी सहज एक टक्क्याचा फरक पाडतात आणि त्यांची जागा कॅमेरा फिरवला की बदलते. म्हणून फ्लॅट आधी आणि मांडणी नंतर असा उलटा क्रम निरुपयोगी ठरतो.

३. पोलर अलाइनमेंट करावी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर आणि पणजीहून त्याहूनही तीन अंश खाली असतो, त्यामुळे तो बहुधा इमारतीमागे किंवा धुरकटात दडलेला असतो. अशा जागी इतर ताऱ्यांच्या आधाराने संगणकाकडून अलाइनमेंट करून घेण्याची सोय वापरावी. होकायंत्राच्या भरवशावर राहू नये.

४. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरील वेळ-सेवेशी जुळवावे. मोबाइलवर नेट चालू ठेवून दोनदा जुळवलेले बरे.

५. दवरोधक पट्टा तारे दिसू लागतानाच चालू करावा. ऑक्टोबरच्या रात्री, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, भिंगावर दव नऊच्या आतच धरते. दव दिसल्यावर पट्टा लावून उपयोग नाही, कारण ते पुसल्याने मधोमध वक्र तुटतो.

६. गायडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत दुरुस्त करण्याची सोय, सुरू करून तारा चार तास त्याच पंधरावीस पिक्सेलांच्या पट्ट्यात राहील असे पाहावे. गायडिंग नसेल तर माउंटच्या दातेचक्राची आवर्ती चूक दर काही मिनिटांच्या लाटांच्या रूपाने वक्रात उमटते.

७. ठरलेल्या वेळी पहिली चौकट घ्यावी आणि पुढे दुर्बिणीपासून दूर राहावे. गच्चीवर असाल तर येरझाऱ्याही घालू नयेत; स्लॅब हलतो.

याम्योत्तर वृत्त ओलांडताना जर्मन माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचे, प्रतिवजन असलेले माउंट) उलटवावे लागते. ऑक्टोबरमध्ये एचडी १८९७३३ अंधार पडताना आधीच पश्चिमेकडे कललेला असतो, म्हणून ही कटकट नाही. एचडी २०९४५८ च्या बाबतीत ती टळत नाही आणि उलटवल्यावर ताऱ्यांच्या जागा सेन्सरवर पूर्ण बदलतात. तेव्हा ते काम अधिक्रमणाच्या कडांवर येणार नाही असे वेळापत्रक आखावे. अल्टअझिमुथ, म्हणजे केवळ वर-खाली आणि आडव्या दिशेने फिरणाऱ्या, माउंटवाल्यांनी हे दोन्ही तारे सोडून द्यावेत, कारण डोक्यावरच्या ताऱ्यामागे ते माउंट धड फिरू शकत नाही आणि चौकटही गरगरते.

शेवटच्या चौकटीनंतर, सामान आवरण्यापूर्वी, झाकण लावून त्याच एक्स्पोजरच्या ३० डार्क चौकटी आणि शक्य तितक्या छोट्या एक्स्पोजरच्या तितक्याच बायस चौकटी घ्याव्यात.

पायरी ५: चौकटींचे संस्करण

डार्क, बायस आणि फ्लॅटच्या सरासरीतून मुख्य चौकटी तयार कराव्यात आणि त्या सर्व चौकटींना सारख्याच लावाव्यात. छायाचित्रणाच्या प्रणालीतून चौकटी नेऊ नयेत. ती कडा ठळक करते, गोंगाट पुसते आणि त्यासोबत मोजमापही पुसते. डीएसएलआर वापरला असेल तर मूळ कच्च्या फायलींतील केवळ हिरवा चॅनेल घ्यावा.

पायरी ६: प्रकाशमापन

या कामासाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. लक्ष्य ताऱ्याभोवती मोजणीचे वर्तुळ चकतीच्या संपूर्ण काठाला सामावून घेईल इतके मोठे ठेवावे. चकती २० पिक्सेलांची असेल तर १४ ते १६ पिक्सेल त्रिज्या ठीक. त्याबाहेर पार्श्वभूमीचे कडे, ज्यात दुसरा ठळक तारा येत नाही याची खात्री करावी. सर्व ताऱ्यांना एकच त्रिज्या लावावी.

नंतर प्रत्येक तुलना तारा उरलेल्या तुलना ताऱ्यांच्या बेरजेशी ताडून पाहावा. ज्याचा वक्र सपाट नाही तो काढून टाकावा, मग तो कितीही तेजस्वी असो. हे काम लक्ष्य ताऱ्याचा वक्र न पाहता करावे, कारण ग्रहाची घट छान दिसते म्हणून तुलना तारा निवडणे आणि घट दिसावी अशी इच्छा मोजमापात मिसळणे यांत फरक उरत नाही.

तपासणी: एक तुलना तारा बाजूला काढून त्याला लक्ष्य समजून वक्र काढावा. त्याच वेळी त्यातही घट दिसली तर दोष आकाशाचा किंवा यंत्राचा आहे.

पायरी ७: वक्र बसवणे

वेळ सौरमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणावी लागते, कारण पृथ्वी ताऱ्याच्या जवळ की लांब यावर प्रकाश सुमारे सव्वाआठ मिनिटांपर्यंत आधी किंवा उशिरा पोहोचतो. शिवाय यूटीसी आणि खगोलीय गणिताची एकसारखी वेळ यांत ६९ सेकंदांचे अंतर आहे. हे रूपांतर प्रणाली करते. आपण निरीक्षणस्थळाचे अक्षांश-रेखांश आणि ताऱ्याचे स्थान बरोबर भरले पाहिजे. निकाल भाकितापेक्षा नेमका साडेपाच तासांनी चुकला तर चूक कुठे झाली हे सांगायला नको.

सपाट भागात राहिलेला उतार दुरुस्त करताना एअरमास, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश किती जाड वातावरणातून येतो त्याचे माप, हा एकच घटक वापरून पाहावा. प्रणालीत चकतीची रुंदी, पार्श्वभूमी, ताऱ्याचे स्थान असे अनेक घटक उपलब्ध असतात, आणि ते सगळे एकदम लावले की वक्र विलक्षण देखणा होतो. असा वक्र कशालाही बसतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा घटक लावायचाच असेल तर त्याचे कारण त्या रात्रीच्या वहीत असले पाहिजे.

आता घटीवरून ग्रहाचा आकार काढता येतो. ०.०२४ चे वर्गमूळ ०.१५५, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साडेपंधरा टक्के. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७६ पट आणि सूर्याची त्रिज्या गुरूच्या ९.७३ पट धरली तर ग्रह गुरूच्या सुमारे १.१५ पट येतो. ताऱ्याच्या कडा मध्यापेक्षा मंद असतात, त्यामुळे घट तळाशी सपाट न राहता वाटीसारखी गोलाकार दिसते. तळ सपाट आला तर तो बिघाड समजू नये, बिंदूंचे विखुरलेपण अधिक आहे एवढेच समजावे.

हा तारा चुंबकीयदृष्ट्या सक्रिय आहे. त्याच्या डागांमुळे साधारण बारा दिवसांच्या परिवलनात त्याचा स्वतःचा प्रकाशही एकदोन टक्क्यांनी बदलतो. ग्रह एखाद्या डागावरून गेला की घटीच्या तळाशी छोटा उंचवटा येतो. घट दर खेपेस अगदी तंतोतंत सारखी येणार नाही, ती दुरुस्त करत बसू नये.

पायरी ८: नोंद पाठवण्यापूर्वी

घटीचा मध्य भाकितापासून काही मिनिटांत असावा, कालावधी १ तास ४८ मिनिटांच्या जवळ असावा, आणि दोन्ही बाजूंचा सपाट भाग एकाच पातळीवर असावा. मध्य पंधरा मिनिटांनी चुकत असेल तर ग्रहाची कक्षा बदलल्याचा निष्कर्ष काढण्याआधी संगणकाचे घड्याळ तपासावे. नोंद एक्झोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस किंवा एक्झोक्लॉक या उपक्रमाकडे पाठवता येते. वक्राबरोबर फिल्टर, एक्स्पोजर, वेळेची प्रणाली आणि ढगांची टीप द्यावी. अर्धवट अधिक्रमणही पाठवावे, मात्र ते अर्धवट आहे असे लिहून.

पायरी ९: ग्रह माहीत नसलेल्या ताऱ्यावर घट दिसली तर

बाह्यग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या खुल्या माहितीत तेजस्वी ताऱ्यांवर एक-दोन टक्क्यांच्या घटी शोधणे आता कोणालाही शक्य आहे, आणि त्यामुळे घाईने जाहीर केलेले ‘ग्रह’ही वाढले आहेत. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा असतो. तेवढ्यात शेजारचे ग्रहणी युग्मतारे सहज मावतात आणि त्यांचे ग्रहण तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात मिसळून ग्रहाएवढे उथळ दिसते.

म्हणून पुढील क्रमाने तपासावे. पहिली, तिसरी, पाचवी या विषम घटी आणि दुसरी, चौथी या सम घटी वेगळ्या काढून त्यांची खोली ताडावी. फरक असेल तर ते बहुधा दोन तारे आहेत आणि खरा आवर्तकाल दुप्पट आहे. दोन घटींच्या मधोमध दुसरी लहान पण स्पष्ट घट आहे का पाहावे. मग वर सांगितलेल्या पद्धतीने, आपल्या दुर्बिणीतून, घट नेमक्या त्याच ताऱ्यावर होते की शेजाऱ्यावर हे पाहावे. येथे मात्र फोकस बिघडवू नये, शेजारी वेगळा दिसला पाहिजे. शेवटी निळ्या आणि लाल फिल्टरमध्ये खोली मोजावी; ग्रहाची घट दोन्हींत जवळपास सारखी येते.

एवढे पार पडले तरी हाती येते ती केवळ त्रिज्या. गुरू, तपकिरी बटू आणि सर्वांत लहान लाल बटू तारे आकाराने जवळपास सारखेच असतात, तेव्हा वस्तुमान हवेच. ते मोजण्यासाठी ताऱ्याची मागेपुढे होणारी हालचाल वर्णपटमापकाने टिपावी लागते. भारतात हे काम अबूच्या गुरुशिखरावरील भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या वेधशाळेत पारस या उपकरणाने होते. टेसला दिसलेल्या दोन घटींची (टीओआय हे टेसच्या यादीतील क्रमांक) तेथील मोजमापे शेजारी ठेवून पाहावीत: टीओआय-१७८९ बी गुरूच्या सुमारे १.४ पट मोठा असून वस्तुमानाने त्याच्या ०.७ पट आहे, तर टीओआय-४६०३ बी आकाराने जवळपास गुरूएवढाच असूनही वस्तुमानाने त्याच्या सुमारे १३ पट आहे. यांतला मोठा दिसणारा हलका आणि लहान दिसणारा जड आहे, हे प्रकाशवक्रावरून कोणालाही सांगता आले नसते. तोपर्यंत आपल्या वहीत त्या घटीपुढे ‘उमेदवार’ एवढाच शब्द लिहावा.